स्वरांची नोंदवही

संगीत ही क्षणात जन्मणारी आणि क्षणात विरणारी कला आहे. चित्रकाराचे चित्र भिंतीवर राहते, शिल्पकाराची मूर्ती देवळात उभी असते. परंतु गायकाच्या कंठातून निघालेला स्वर कानी पडतो न पडतो, तोच हवेत विरून जातो. हा विरणारा स्वर धरून कसा ठेवावा, हा प्रश्न माणसाला फार प्राचीन काळापासून पडलेला आहे. त्याचे उत्तर त्याने दोन निरनिराळ्या मार्गांनी शोधले.

पहिला मार्ग लिपीचा. बोलणे जसे अक्षरांत लिहिता येते, तसे गाणेही चिन्हांत लिहिता येते. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी हिंदुस्थानी संगीतासाठी तयार केलेली स्वरलेखनपद्धती संगीताच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. तीत कोमल स्वराच्या खाली आडवी रेघ देतात, तीव्र मध्यमाच्या वर उभी रेघ देतात. मंद्र सप्तकातील स्वराच्या खाली टिंब असते, तर तार सप्तकातील स्वराच्या वर टिंब असते. अशा लेखनात प्रत्यक्ष आवाज मुळीच नसतो. कोणता स्वर, कोणत्या मात्रेवर आणि किती वेळ म्हणावयाचा, एवढीच सूचना त्यात असते. ती वाचून गाणारा किंवा वाजविणारा भेटेल, तेव्हाच ते गाणे पुन्हा जिवंत होते.

दुसरा मार्ग ध्वनिमुद्रणाचा. १८७७ साली अमेरिकेत थॉमस एडिसन यांनी फोनोग्राफ हे यंत्र तयार केले. बोलणाऱ्याच्या आवाजाने एक सुई थरथरे आणि फिरत्या नळकांड्यावर गुंडाळलेल्या धातूच्या पातळ वर्खावर त्या थरथरीची खूण उमटे. त्याच खुणांवरून सुई पुन्हा फिरविली, म्हणजे बोललेले शब्द परत ऐकू येत. येथे लिपीची गरज नाही. प्रत्यक्ष आवाजच साठविला जातो. परंतु या मार्गात एक अडचण आहे. एकदा उमटलेली खूण म्हणजे सर्व आवाजांचे एकजीव मिश्रण असते. दुधात विरघळलेली साखर जशी सहज वेगळी करता येत नाही, तसा त्या मिश्रणातील चुकलेला एखादा स्वर तेवढा उचलून बाजूला काढणे सोपे नसते.

आज घरच्या घरी संगणकावर संगीत तयार करणारे लोक एका तिसऱ्याही मार्गाचा उपयोग करतात. हा मार्ग पहिल्या दोहोंच्या मधला आहे. लिपीप्रमाणे यातही केवळ सूचना लिहिल्या जातात. मात्र त्या हाताने लिहाव्या लागत नाहीत. वादक वाजवू लागला, की त्या आपोआप लिहिल्या जातात, आणि पुढे त्या वाचून वाजविण्याचे कामही यंत्रच करते. या पद्धतीला ‘मिडी’ असे म्हणतात. ‘म्युझिकल इन्स्ट्रुमेंट डिजिटल इंटरफेस’ या चार इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांपासून हे नाव बनले आहे. निरनिराळ्या वाद्यांना आणि संगणकांना आकड्यांच्या साहाय्याने एकमेकांशी बोलता यावे, म्हणून ठरविलेली ती एक सामाईक भाषा होय.

वादकाच्या बोटांची हालचाल नोंदवून ठेवावी, ही कल्पना मात्र संगणकाहून पुष्कळ जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोप-अमेरिकेत आपोआप वाजणारे पियानो प्रचारात आले. त्यांत छिद्रे पाडलेली कागदाची एक लांब गुंडाळी बसविलेली असे. गुंडाळी हळूहळू उलगडू लागली, की ज्या जागी छिद्र येई, त्या जागेतून हवा खेचली जाई आणि तिच्या जोराने पियानोची ठरावीक पट्टी दाबली जाई. छिद्र कोठे आहे, यावरून कोणता स्वर हे ठरे; छिद्र किती लांब आहे, यावरून तो किती वेळ हे ठरे. जर्मनीतील फ्रायबुर्ग येथील वेल्टे या कारखान्याने १९०४ साली याहून सरस यंत्र पुढे आणले. निष्णात वादक त्यावर वाजवू लागला, म्हणजे त्याच्या वादनातील बारकावेही कागदावर नोंदले जात. व्हिएन्नाचे ख्यातनाम संगीतकार गुस्टाफ माहलर यांनी नोव्हेंबर १९०५ मध्ये आपल्या काही रचना या यंत्रासाठी वाजविल्या. १९११ साली माहलर निवर्तले. परंतु त्या गुंडाळ्या जपल्या गेल्या, आणि त्या योग्य पियानोवर चढविल्या, म्हणजे पट्ट्या आजही खाली-वर होऊ लागतात. कागदावर त्यांचा आवाज नाही. त्यांच्या बोटांचा माग तेवढा आहे.

मिडी ही या छिद्रांच्या कागदाचीच आकड्यांतील आवृत्ती आहे. तिच्या जन्माची हकीकत मोठी बोधप्रद आहे. १९८० च्या सुमारास विजेवर चालणारी सिंथेसायझर नावाची वाद्ये अनेक कारखाने बनवीत होते. परंतु प्रत्येक कारखान्याची जोडणीची रीत निराळी असे. एका कारखान्याचे वाद्य दुसऱ्याच्या वाद्याला जोडावे म्हटले, तर ते बहुधा जमतच नसे. जपानमधील रोलंड या कंपनीचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांना ही गोष्ट खटकत होती. लहानपणीच पोरके झालेल्या काकेहाशी यांनी तरुणपणी घड्याळे दुरुस्त करण्याचे दुकान चालविले होते आणि पुढे १९७२ साली ही कंपनी स्थापन केली होती. सर्व वाद्यांसाठी एकच पद्धत असावी, असा विचार त्यांनी १९८१ साली इतर कारखानदारांपुढे मांडला. त्याच वर्षी अमेरिकेतील सिक्वेन्शियल सर्किट्स या कंपनीचे डेव्ह स्मिथ व त्यांचे सहकारी चेट वुड यांनी अशा पद्धतीचा आराखडा अभियंत्यांच्या परिषदेत वाचला. त्यानंतर यामाहा, कॉर्ग आणि कावाई या जपानी कंपन्याही या विचारविनिमयात सामील झाल्या.

जानेवारी १९८३ मध्ये कॅलिफोर्नियात वाद्यांचे एक मोठे प्रदर्शन भरले. तेथे सिक्वेन्शियल सर्किट्सचे ‘प्रॉफेट-६००’ हे वाद्य रोलंडच्या एका वाद्याला वायरीने जोडण्यात आले. एका वाद्याची पट्टी दाबताच दुसरे वाद्यही वाजू लागले. बाजारात एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या दोन कारखान्यांची वाद्ये प्रथमच एका भाषेत बोलली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये या भाषेचे नियम प्रसिद्ध झाले. विशेष गोष्ट ही, की ते वापरण्यासाठी कोणत्याही कारखान्याकडून शुल्क घ्यावयाचे नाही, असे ठरले. आपल्या शोधाला कुंपण घालण्याऐवजी तो सर्वांना खुला केल्यामुळेच ही भाषा जगभर पसरली. काकेहाशी आणि स्मिथ यांना या कार्याबद्दल २०१३ साली तंत्रविषयक ग्रॅमी पुरस्कार देण्यात आला. काकेहाशी २०१७ साली व स्मिथ २०२२ साली दिवंगत झाले. २०२० साली या भाषेची दुसरी, अधिक सूक्ष्म आवृत्ती मान्य झाली. तरीही १९८३ ची मूळ भाषा आजही वापरात आहे.

आता ही भाषा कशी आहे, ते पाहू. तिच्यात प्रत्येक पट्टीला ० पासून १२७ पर्यंतचा एक क्रमांक दिलेला आहे. पियानोच्या मधल्या सप्तकातील पहिल्या पांढऱ्या पट्टीचा, म्हणजे पेटी वाजविणारे जिला ‘पांढरी एक’ म्हणतात तिचा, क्रमांक ६०. तिच्या शेजारची ‘काळी एक’ ६१, त्यापुढील ‘पांढरी दोन’ ६२, याप्रमाणे काळ्यापांढऱ्या पट्ट्या क्रमाने मोजल्या जातात. पांढरी एक हा षड्ज धरला, तर सा ६०, रे ६२, ग ६४, म ६५, प ६७, ध ६९, नी ७१ आणि तार षड्ज ७२ होतो. मध्ये सुटलेले ६१, ६३, ६६, ६८ व ७० हे अनुक्रमे कोमल रे, कोमल ग, तीव्र म, कोमल ध व कोमल नी यांचे क्रमांक होत.

पट्टी दाबताच वाद्यातून तीन आकड्यांचा एक लहानसा निरोप निघतो. पहिला आकडा सांगतो, ‘पट्टी दाबली’. दुसरा सांगतो, ‘ती कोणती’. आणि तिसरा सांगतो, ‘ती किती वेगाने खाली गेली’. बोट उचलले, की ‘पट्टी सोडली’ असा दुसरा निरोप जातो. तिसऱ्या आकड्याची योजना विशेष मनोरंजक आहे. बहुतेक वाद्यांत प्रत्येक पट्टीच्या खाली विजेचे दोन स्पर्शबिंदू असतात. पट्टी खाली जाताना ते एकापाठोपाठ एक जुळतात. पट्टी हळू दाबली, तर दोहोंमध्ये अधिक वेळ जातो. जोराने दाबली, तर फारच थोडा. तेवढ्या वेळावरून १ ते १२७ या दरम्यानचा एक आकडा ठरतो. पेटीवर आवाज लहानमोठा करण्याचे काम भाता करतो; बोटाने पट्टी कितीही जोराने दाबली, तरी फरक पडत नाही. येथे भाताच नाही. हळुवारपणा आणि जोर ही दोन्ही बोटांतूनच यावी लागतात. म्हणून पेटी शिकलेल्या विद्यार्थ्याला या वाद्यावर बोटांचा नवा अभ्यास करावा लागतो.

हे निरोप फार वेगाने जातात. मूळ मिडी वायरीतून एका सेकंदात ३१,२५० द्विमान अंक जाऊ शकतात. त्यामुळे पट्टी दाबल्याचा एक निरोप पोचण्यास सेकंदाच्या सुमारे एक हजाराव्या भागाएवढाच वेळ लागतो. शिवाय ते अतिशय थोड्या जागेत मावतात. उत्तम प्रतीच्या ध्वनिमुद्रणात डाव्या व उजव्या बाजूच्या आवाजाचे प्रत्येकी ४४,१०० वेळा, म्हणजे सेकंदाला एकूण ८८,२०० वेळा मोजमाप करून ते साठवावे लागते. तीन मिनिटांच्या गाण्यासाठी ही मापे सुमारे १ कोटी ५९ लाख होतात. उलट त्याच गाण्यात पाचशे वेळा पट्टी दाबली असेल, तर दाबल्याचे आणि सोडल्याचे मिळून ३,००० आकडे पुरतात. त्यांच्या जोडीला काय ती वेळेची नोंद. धान्याचे पोते आणि त्या धान्याची पावती यांच्या वजनात जेवढा फरक, तेवढाच हा फरक आहे.

घरी अशी नोंद करण्यासाठी फार मोठी सामग्री लागत नाही. पियानोसारख्या पट्ट्या असलेला एक कीबोर्ड, एक संगणक, दोहोंना जोडणारी वायर आणि संगीतलेखनाचे सॉफ्टवेअर एवढे पुरे होते. गॅरेजबँड, क्यूबेस, एलएमएमएस अशी अनेक सॉफ्टवेअर आहेत. त्यांपैकी काही विनामूल्य मिळतात. काही कीबोर्डांना स्वतःचा आवाजच नसतो. ते वायरीने जोडल्यावाचून वाजविले, तर पट्ट्यांच्या खटखटीपलीकडे काही ऐकू येत नाही. वायरीतूनही स्वर जात नाही, आकडेच जातात. त्या आकड्यांना आवाज देण्याचे काम संगणकातील सॉफ्टवेअर करते. त्यात खऱ्या वाद्यांच्या एकेका स्वराचे, मंद आणि तीव्र अशा निरनिराळ्या आघातांचे नमुने साठविलेले असतात. ‘६० क्रमांक, वेग ३०’ असा निरोप आला, की हळुवार आघाताचा नमुना वाजतो. ‘६० क्रमांक, वेग ११०’ असा आला, की जोरदार आघाताचा वाजतो.

समजा, एका विद्यार्थिनीला शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी समूहगीताची साथ तयार करावयाची आहे. ती प्रथम सॉफ्टवेअरमध्ये एक नवा ट्रॅक उघडते. ट्रॅक म्हणजे एका वाद्याच्या नोंदीसाठी राखून ठेवलेली पट्टीवजा जागा. त्या ट्रॅकसाठी ती वाद्य निवडते; मग लय ठरविते, समजा, मिनिटाला ६० मात्रा. त्यानंतर नोंदीचे लाल बटण दाबते. लगेच नोंद सुरू होत नाही. मेट्रोनोम नावाची मोजणी चार मात्रा टकटक करून दाखविते, आणि मग नोंद सुरू होते. वाजविताना ती टकटक कानी पडत राहते, पण नोंदीत उतरत नाही. गीत संपले, की थांबण्याचे बटण दाबावयाचे. पुढे दुसरा ट्रॅक उघडून, पहिला ऐकत ऐकत, त्याच्या जोडीला बासरीचे स्वर वाजवावयाचे. तिसऱ्यावर तालाचे ठोके नोंदवावयाचे. मिडीच्या एका वायरीतून १६ निरनिराळ्या वाद्यांचे निरोप वेगवेगळे जाऊ शकतात. अशा रीतीने एकटी मुलगी थरावर थर चढवून संपूर्ण वाद्यवृंद उभा करू शकते.

येथे नवशिक्याला एक अडचण हटकून येते. पट्टी दाबल्यावर स्वर किंचित उशिरा ऐकू येतो आणि हात गोंधळतो. याचे कारण असे, की संगणक आवाजाची मापे एकेक करून बाहेर पाठवीत नाही. त्यांचा गठ्ठा बांधून पाठवितो. सेकंदातील ४४,१०० मापांपैकी १,०२४ मापांचा एक गठ्ठा केला, तर तो भरण्यास सेकंदाचे २३ सहस्रांश लागतात. तेवढ्या वेळात ध्वनी हवेतून सुमारे आठ मीटर जातो. म्हणजे, आपण वाजवीत असलेले वाद्य दिवाणखान्याच्या पलीकडच्या टोकाला ठेवून ऐकल्यासारखे होते. गठ्ठा १२८ मापांचा केला, की हे अंतर एका मीटरवर येते आणि वाद्य पुन्हा जवळ आल्यासारखे वाटते. गठ्ठा फार लहान केला, तर मात्र संगणकाची धांदल उडते आणि आवाजात खरखर येते. म्हणून आपल्या संगणकाला झेपेल तेवढाच लहान गठ्ठा निवडावा लागतो.

नोंद झाल्यावर पडद्यावर जे चित्र दिसते, ते पाहिले म्हणजे जुन्या कागदी गुंडाळीची आठवण होते. आणि पुष्कळ सॉफ्टवेअरमध्ये त्या चित्राला ‘पियानो रोल’ हेच नाव आहे. डाव्या कडेला पट्ट्या उभ्या मांडलेल्या असतात आणि त्यांच्यापुढे लहानमोठ्या आडव्या कांड्या दिसतात. कांडी जितकी वर, तितका स्वर उंच. जितकी लांब, तितका तो दीर्घ. गंधाराऐवजी चुकून मध्यम वाजला असेल, तर सर्व गीत पुन्हा वाजवावयास नको. तेवढी एक कांडी धरून ६५ वरून ६४ वर ओढली, की काम झाले. गाणाऱ्या मुलींना पांढरी एक खालची वाटली आणि काळी दोनमध्ये गावयाचे असे ठरले, तर प्रत्येक क्रमांकात ३ मिळवावयाचे. ६० चे ६३ होतात, ६४ चे ६७ होतात, आणि सारे गीत एका क्षणात वर सरकते. लय संथ वाटली, तर मिनिटाला ६० मात्रांच्या जागी ८० कराव्यात. जुनी ध्वनिमुद्रिका वेगाने फिरविली, म्हणजे गायकाचा आवाज चिरका होई. येथे तसे होत नाही. कारण येथे आवाज लांबवावयाचा किंवा आखडावयाचा नसतो. निरोप पोचविण्याची घाई तेवढी वाढवावयाची असते.

वाद्यसुद्धा मागाहून बदलता येते. १९९१ साली १२८ वाद्यांची एक सर्वमान्य यादी तयार झाली. तीत पियानो पहिला, व्हायोलिन ४१ वे आणि बासरीच्या जातीचे फ्लूट ७४ वे आहे. १०५ व्या क्रमांकावर सतार आणि ११२ व्या क्रमांकावर सनई ही आपल्याकडील वाद्येही तीत आहेत. पियानोचा समजून वाजविलेला ट्रॅक केवळ क्रमांक बदलून सतारीच्या आवाजात ऐकता येतो.

परंतु येथेच नीट विचार करण्याची वेळ येते. सतारीचा आवाज मिळाला, म्हणजे सतार वाजली काय? सतारीवर वादक तार बाजूला ओढून एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर अखंड सरकतो. या मिंडेतच त्या वाद्याचा जीव आहे. पट्ट्यांच्या वाद्यात दोन स्वरांमधली वाट तुटलेली असते. साऱ्या सप्तकाचे बारा ठरीव तुकडे असतात. हा आक्षेप नवा नाही. पेटीवर मींड निघत नाही आणि तिचे स्वर रागातील सूक्ष्म श्रुतींशी जुळत नाहीत, असे तिच्या टीकाकारांचे म्हणणे होते. अशा आक्षेपांमुळे १९४० साली ऑल इंडिया रेडिओवर पेटीला बंदी झाली, आणि ती १९७१ पर्यंत सैल झाली नाही. मिडी कीबोर्डावर यासाठी एक उपाय योजलेला आहे. त्याच्या डाव्या बाजूला बहुधा एक लहान चाक असते. ते फिरविले, की वाजत असलेला स्वर वर किंवा खाली सरकतो. ही सरक ० ते १६,३८३ अशा बारीक पायऱ्यांनी नोंदली जाते; मध्य ८,१९२ वर असतो. उजव्या हाताने पट्टी दाबावयाची आणि डाव्या हाताने चाक अलगद फिरवून मींड घ्यावयाची, हे कौशल्य अभ्यासानेच साधते. ज्याने खरी सतार मनापासून ऐकली नाही, त्याला चाक किती आणि केव्हा फिरवावे, हे कोणतेही यंत्र सांगू शकत नाही.

तीच गोष्ट लयीची. सॉफ्टवेअरमध्ये ‘क्वांटाइज’ नावाची एक सोय असते. मात्रेच्या किंचित मागे-पुढे पडलेले सर्व स्वर ती ओढून नेमक्या रेघेवर आणून ठेवते. समूहगीताच्या साथीत एखादा ठोका ढळला असेल, तर ही सोय फार उपयोगी पडते. पण प्रत्येक स्वर रेघेवर आणला, की वादन कवायतीसारखे ताठ होते. कसलेला वादक एखादा स्वर जाणूनबुजून क्षणभर रेंगाळत ठेवतो आणि मग डौलाने समेवर येतो. त्याचे रेंगाळणे आणि नवशिक्याचे चुकणे या दोहोंत यंत्राला भेद कळत नाही. त्याच्या दृष्टीने दोन्ही स्वर रेघेच्या बाहेरचेच. कोणता राखावयाचा आणि कोणता सुधारावयाचा, हे ऐकणाऱ्या कानानेच ठरवावे लागते. सुदैवाने बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये हा बदल मागे घेऊन मूळ वादन पुन्हा ऐकता येते.

म्हणून या साधनाचा खरा उपयोग चुका झाकण्यापेक्षा चुका पाहण्यासाठी अधिक आहे. आरसा चेहऱ्यावरचा डाग पुसत नाही. तो कोठे आहे, हे दाखवितो. एखाद्या विद्यार्थ्याने रोज एकच अलंकार वाजवून त्याची नोंद पाहिली, तर मधल्या बोटाने दाबलेल्या पट्ट्यांचा वेग ८० च्या आसपास आणि अनामिकेने दाबलेल्या पट्ट्यांचा ५० च्या आसपास आहे, असे त्याला आढळेल. त्याची अनामिका दुबळी आहे, हे गुरुजींनी सांगितलेले त्याला आता आकड्यांत दिसते. चढताना लय बरोबर राहते, पण उतरताना ती पळते, हेही कांड्यांच्या मांडणीवरून कळून येते. महिनाभर नेटाने सराव करून त्याने पुन्हा नोंद घेतली आणि ५० चे ७० झालेले पाहिले, तर त्याला होणारा आनंद हा स्वतःच्या श्रमाचा आनंद असतो. तो कोणत्याही बटणाने मिळत नाही.

या पद्धतीची एक मर्यादाही ध्यानात ठेवावयास हवी. माणसाचा कंठ पट्ट्यांचा बनलेला नाही. गळ्यातील गोडवा, श्वासाचा कंप, शब्दांचा उच्चार हे सारे तीन आकड्यांच्या निरोपात सामावत नाही. म्हणून गाणे नोंदवावयाचे झाले, तर मायक्रोफोन लावून प्रत्यक्ष आवाजच मुद्रित करावा लागतो. घरच्या सॉफ्टवेअरमध्ये साथीचे मिडी ट्रॅक आणि गायनाचा ध्वनिमुद्रित ट्रॅक हे दोन्ही शेजारी शेजारी नांदतात. लिपी आणि ध्वनिमुद्रण हे दोन जुने मार्ग तेथे एकत्र येऊन मिळतात.

स्पर्धा करणाऱ्या कारखान्यांनी एकत्र येऊन एक सामाईक भाषा निर्माण केली आणि ती जगाला मोकळेपणाने दिली. त्यामुळे, पूर्वी मोठ्या स्टुडिओत जाऊन करावे लागणारे काम आज एखादा विद्यार्थी घरातील मेजावर करू शकतो. त्याच्या हाती एक अतिशय प्रामाणिक नोंदवही आली आहे. तीत बोट जसे पडेल, तसे लिहिले जाते. हळुवार पडले तर हळुवार, घाईने पडले तर घाईने. लिहिलेले खोडण्याची आणि सुधारण्याची सोयही तीत आहे. परंतु कोऱ्या वहीने कोणी कवी होत नाही. तीत उतरावयाचे स्वर आधी कानात रुजावे लागतात, बोटांत मुरावे लागतात, आणि त्यासाठी रियाजावाचून दुसरा मार्ग नाही.